लोकर हाताला अडकते

सिमेंटात काम केलं की दोन-तीन दिवसांत बोटांची टोकं फुटतात. फुटलेल्या कातडीचे कंगोरे डोळ्यांना दिसत नाहीत, पण लोकर ते बरोबर शोधून काढते. कुंची हातात घ्यावी, सुई आत घालावी, आणि विणीतून केसासारखा एक धागा बोटाबरोबर वर यावा! तो पुन्हा जागेवर बसवायला क्रोशाची सुई लागते. एका कुंचीत असे आठ-दहा धागे निघाले की तासाभराचं काम बुडालं. जवळजवळ चार वर्षं माझं हेच चाललं होतं. दिवसा घमेली उचलायची आणि रात्री लोकरीवर फुलं भरायची.

सासूबाईंनी यावर कोकमतेल काढलं. कोकमाच्या बियांचं तेल थिजलं की आमच्याकडे त्याचे पांढरट गोळे वळून ठेवतात. थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायचं ते औषध. गोळा जरासा शेकवायचा, बोटांवर चोळायचा, जुन्या बनियनच्या चिंध्या गुंडाळून अर्धा तास गप्प बसायचं, मग बेसनाने हात पुसून काढायचे. नाहीतर पांढऱ्या लोकरीवर तेलाचा ठसा उठतो. तो अर्धा तास ही माझी दिवसभरातली एकुलती एक विश्रांती. चिंध्या बांधलेल्या हातांनी मोबाइल धरता येत नसे, हे त्यातलं जास्तीचं सुख.

रत्नागिरीत राहून लोकरीचं काम करते म्हटलं की लोक हसतात. बरोबरच आहे त्यांचं. इथे जानेवारीत पहाटे एक शाल पुरते, आणि तीही नऊ वाजता डोक्यावरून जाते. पण बाळंतविड्यात कुंची हवीच. मुंबईच्या उकाड्यात जन्मलेल्या मुलालाही पाचवीला, बारशाला ती घालतात, फोटो काढतात आणि लगेच उतरवतात. शिवाय परदेशातल्या लेकीकडे बाळंतपणाला निघालेल्या आया चार-चार घेऊन जातात. तिथे निदान तिचा उपयोग तरी होतो. सासूबाई सुया धरायला शिकल्या त्या १९६२ साली, शाळेत असताना. चीनशी युद्ध पेटलं, तेव्हा देशभर बायका-मुली जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. ज्यांनी बर्फ चित्रातसुद्धा धड पाहिला नव्हता, त्या मुली घामाने चिकट झालेल्या हातांनी हिमालयासाठी विणत बसल्या. सासूबाईंचा पहिला हातमोजा सहा बोटांचा झाला होता म्हणे. तो पाठवला का, हे त्या अजून सांगत नाहीत.

मी मात्र विणत नाही, विणलेलं सजवते. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडे लुधियानाहून यंत्रावर विणलेल्या साध्या, एकरंगी कुंच्या, टोपडी आणि छोटे स्वेटर गठ्ठ्यांनी येतात. त्यातला एक गठ्ठा आंबा घाट उतरून एसटीने माझ्याकडे येतो. मी त्यावर कोयऱ्या, मोर, पोपट, चिमण्या भरायच्या आणि परत पाठवायचं. मागणी आली तर बाळाचं नावही भरायचं.

विणलेल्या कापडावर भरतकाम करणं आणि पोलक्याच्या खणावर करणं यात फार फरक आहे. विणीचं कापड जिवंत असतं; ओढलं की पसरतं, सोडलं की आवळतं. म्हणून भरतकामाची गोल चौकट त्याला लावायची नाही. ती लावून ताणलेल्या कापडावर फूल भरलं, की काढल्यावर फुलाचा चोळामोळा होतो. सुई बोथट घ्यायची, म्हणजे ती लोकरीचा धागा फाडून जात नाही, दोन धाग्यांमधून वाट काढते. टाका ओढून घट्ट केला तर कुंची बाळाच्या डोक्यावरून उतरणार नाही, आणि ढिला सोडला तर त्यात बाळाचं बोट अडकेल. मणी आणि टिकल्या मी लहान मुलांच्या कपड्यांना लावत नाही, व्यापारी कितीही म्हणाला तरी. मूल प्रत्येक चमकणारी गोष्ट आधी तोंडात घालून बघतं.

मला सगळ्यात आवडतो तो टाक्यावर टाका. विणीतला सुलट टाका ‘व्ही’ अक्षरासारखा दिसतो. वेगळ्या रंगाची लोकर सुईत ओवून त्याच व्हीवरून तंतोतंत फिरवायची, म्हणजे चित्र मागाहून भरलं आहे असं वाटतच नाही. विणतानाच ते आत आलं असावं असं वाटतं. पण त्यात एक गोम आहे. विणीतला टाका चौरस नसतो, उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. मी ज्या कुंच्यांवर काम करते त्यांत साधारण पाच टाक्यांची रुंदी म्हणजे सात ओळींची उंची. साध्या आलेख कागदावर मोर काढून तो घर मोजून उतरवला, तर कुंचीवर त्याचं बदक होतं. माझ्या पहिल्या गठ्ठ्यात बारा बदकं होती. व्यापाऱ्याला कळलं नाही. त्याने ती बदकं म्हणूनच विकली. देवनागरी नावाचं दुखणं आणखी वेगळं. शिरोरेषा एकाच ओळीतून गेली पाहिजे. एका टाक्याने जरी ती खाली घसरली, तरी ‘अर्णव’चा ‘व’ पायरी उतरल्यासारखा दिसतो.

आता घराचं. नवऱ्याच्या वाट्याला गोळपच्या बाजूला, पावसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत, तीन गुंठे जागा आली. तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. ठेकेदाराने सांगितलेला घराचा आकडा ऐकून आम्ही दोघांनी चहासुद्धा पूर्ण प्यायला नाही. मग ठरलं की जेवढं आपल्या हातांनी होईल तेवढं करायचं, आणि गवंडी फक्त रविवारी बोलवायचा. तो रविवारी दाखवणार, आठवडाभर सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी उजेड असेतो आम्ही करणार, पुढच्या रविवारी तो तपासणार. शाळेसारखंच. पाया, लिंटेल आणि छपराचं लाकूडकाम माणसं लावून केलं; ते आपल्या हातचं नव्हतं. बाकीच्या भिंती आमच्या.

दगडाला दूर जावं लागलं नाही. चिरेखाण घरापासून पाच-सहा किलोमीटरवर. लॉरी बेकर या केरळात स्थायिक झालेल्या इंग्रज वास्तुविशारदाला गांधीजींनी सांगितलं होतं, की घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाने बांधावं. आमचे चिरे त्या नियमात बसले. त्यांचे पैसे मात्र लुधियानाच्या लोकरीतून येत होते, त्याला बेकरसाहेब काय म्हणाले असते कोण जाणे. जांभ्याची गंमत अशी की जमिनीत असताना तो मऊ असतो, कापावा तसा कापला जातो, आणि उन्हा-वाऱ्यात पडला की टणक होत जातो. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात, विटेला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून, त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. आमच्याकडे तो चिरा. खाणीतून आणलेला चिरा लगेच लावू नये, काही महिने तापू द्यावा, असं गवंडीकाकांनी बजावलं होतं. म्हणून पहिला एक उन्हाळा आमच्या जागेत फक्त चिऱ्यांचा ढीग होता आणि त्यावर आमची मुलगी दुकान-दुकान खेळत होती.

याच जांभ्याच्या सड्यांवर, रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कातळशिल्पं कोरून ठेवली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती पन्नास फुटांहून लांब आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. मी तो पाहायला गेले तेव्हा उन्हात उभी राहून पहिल्यांदा काय केलं असेल, तर ओळी मोजायला लागले. सवयच ती. एवढी मोठी आकृती जवळून दिसत नाही. काढणाऱ्याला प्रमाण कसं राखता आलं असेल, हा प्रश्न बदकं भरलेल्या बाईलाच पडू शकतो.

जोतं झालं आणि भिंती सुरू व्हायच्या आधी मी माझा आलेख कागद काढला. आमच्या खाणीचा चिरा साधारण पंधरा इंच लांब, नऊ रुंद आणि सात उंच. सांध्याचा मसाला धरला तर लांबी साडेपंधरा, उंची साडेसात. म्हणजे चिऱ्याचं अर्धुक जवळजवळ चौरस! मोराने मला जो त्रास दिला होता तो भिंत देणार नव्हती. दोन घरं म्हणजे एक चिरा. मी चारही भिंती घर मोजून रंगवल्या: एक ओळ लाल, दुसरी निळी, प्रत्येक ओळ खालच्या ओळीपासून एक घर सरकलेली. गवंड्याच्या भाषेत ती सांधमोड. दोन ओळींचे उभे सांधे एकावर एक आले तर भिंत तिथे उसवते, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वीस फुटांच्या भिंतीत साडेपंधरा चिरे अगदी बरोबर बसत होते. मी खूश.

गवंडीकाकांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा धरला. म्हणाले, “वयनी, चांगला काढलाव. पन कोपऱ्यात चिरा वळतो. तुमच्या कागदात वळत नाय.”

खरंच होतं. कोपऱ्यावर एका भिंतीत जो चिरा लांबीने दिसतो, तोच दुसऱ्या भिंतीत रुंदीने, नऊ इंचांनी दिसतो. माझ्या चारही भिंती सपाट होत्या, चार वेगवेगळ्या पट्ट्या विणाव्यात तशा, आणि त्या एकमेकींना कशा जोडायच्या याचा मी विचारच केला नव्हता. मी रात्री पुन्हा बसले. आता दोन्ही कोपऱ्यांपासून सुरुवात करून मध्यावर आले आणि उरलेल्या जागेत तुकडा कुठे घ्यायचा ते ठरवलं. तो दुसरा कागद मात्र चालला. आठवडाभर नवरा तो खिशात घेऊन फिरे. कागदावर इतकं सिमेंट लागलं की शेवटी तो उभा राहायला लागला.

त्याच कागदाने खिडक्या ठरवल्या. सहा ओळी म्हणजे पंचेचाळीस इंच, म्हणून खिडकी पावणेचार फुटांची. चिरा चिरायला नको, वायाही जायला नको. सगळं जमलं, आणि मग नवऱ्याने कुठल्याशा पाडलेल्या घरातून फणसाच्या लाकडाची सुंदर जुनी खिडकी आणली. ती चार फुटांची. तीन इंचांसाठी आम्ही तीन दिवस बोललो नाही. खिडकी लावली, खाली पातळ चिरा तासून बसवला, आणि आज घरात येणारा प्रत्येक जण आधी त्या खिडकीचंच कौतुक करतो. मी काही बोलत नाही.

घरात त्या दिवसांत टाका, टाकी आणि पाण्याची टाकी या तिन्हींवर एकाच वेळी बोलणं चालायचं आणि मुलगी गोंधळायची. “खांब किती झाले?” असं मी नणंदेला फोनवर विचारलं, की ती क्रोशाचे खांब मोजून सांगे आणि इकडून नवरा ओरडे, “चार! पडवीचे चार!”

भिंतीचं उसवणं आम्हाला एकदा करावं लागलं. पश्चिमेची भिंत आम्ही दोघांनी आठवड्यात चार ओळी चढवली होती आणि मनात फार मोठे गवंडी झालो होतो. रविवारी काकांनी ओळंबा सोडला. दोरी वरच्या चिऱ्याला टेकली आणि खाली भिंतीपासून अर्ध्या इंचाहून जास्त लांब राहिली. काका काही बोलले नाहीत. तंबाखू मळत बसले. मी म्हटलं, “उसवू या.” नवरा भडकला. “भिंत आहे ही, तुझी कुंची नव्हे.” त्याचं दुखणं मला कळत होतं. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा, आणि तो प्रत्येक त्याने उचललेला. काका म्हणाले, “आता नाय काढलाव तर गिलाव्यात भरत बसाल. नि वरची भिंत कुठं जाईल ती जाईल.” दोन ओळी उतरवल्या. मसाला अजून कच्चा होता म्हणून चिरे सुटले, चार फुटले. प्रत्येक चिऱ्याचा मसाला खरवडून काढताना माझे हात असे गेले, की पुढचे आठ दिवस सुई धरता आली नाही आणि गठ्ठा उशिरा गेला.

लोकरीवर उसवणं वाटतं तितकं सोपं नाही, हेही सांगून टाकते. भरलेला टाका एकदा काढला तर चालतो. खालच्या विणीवर थोडा बुरा उठतो, तो हलक्या हाताने दाबून बसवता येतो. त्याच जागी दुसऱ्यांदा काढला की वीण फाकते आणि ते भोक कुठल्याही फुलाखाली लपत नाही. म्हणून मी आधी कच्च्या दोऱ्याने आखून घेते, रात्री काम केलं असेल तर सकाळच्या उजेडात बघते, आणि मगच पुढे जाते. काकांचा ओळंबा रविवारी यायचा. माझा रोज सकाळी सातला, पूर्वेच्या दारातून.

त्या काळातलं सर्वांत वाईट पार्सल आलं ते परतीचं. चाळीस कुंच्या व्यापाऱ्याने परत पाठवल्या. पांढऱ्या लोकरीवर करडी झाक आली होती. घरात सिमेंटची पोती आणि लोकरीचा गठ्ठा एकाच खोलीत ठेवला, ही चूक माझी. सिमेंटची धूळ झटकून जात नाही, आणि झटकली तर आणखी आत बसते. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत पसरायचं. इस्त्री तर नाहीच. ॲक्रिलिकच्या लोकरीवर गरम इस्त्री फिरली की ती मरते, पुन्हा फुलत नाही. चाळीसपैकी एकतीस वाचल्या. तेव्हापासून गठ्ठा सासूबाईंच्या लोखंडी ट्रंकेत गेला.

ट्रंकेचं महत्त्व पुढच्याच वर्षी कळलं, आणि तिच्या मर्यादाही. मे २०२१ मध्ये छपरावर कौलं चढत होती. जुनी मंगळुरी कौलं, स्लॅब घालायला निघालेल्या लोकांकडून निम्म्या किमतीत घेतलेली. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं अख्ख्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या ढिगात पाच-सहा वेगवेगळ्या कारखान्यांचे ठसे होते आणि त्यांच्या खाचा एकमेकांत बसत नव्हत्या. समुद्राकडची बाजू पूर्ण झाली होती, मागची उघडी होती. रविवार, १६ मे. तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. आम्ही नव्या घरात राहायला गेलो नव्हतो, पण भाड्याच्या खोलीचा पत्रा भरवशाचा नाही म्हणून ट्रंक मीच आदल्या दिवशी चिऱ्याच्या घरात नेऊन ठेवली होती. शहाणपणाच ना! वाऱ्याने मागच्या बाजूने आत शिरून शंभरेक कौलं उचलली. भाड्याच्या खोलीचा पत्रा जागच्या जागी राहिला.

भिंतींना काही झालं नाही. ट्रंकेत पाणी गेलं. लोकरीने रंग सोडला नाही, पण कोयऱ्यांच्या कडेला मी स्वस्तातला लाल सुती दोरा वापरला होता, त्याने सोडला. चोवीस कुंच्या गुलाबी. डागांवर फुलं भरून पाहिली. डाग फुलापेक्षा मोठे निघाले. व्यापाऱ्याकडे पाठवण्यात अर्थ नव्हता, म्हणून वाडीत वाटल्या. त्या वर्षी आमच्या वाडीत जन्मलेल्या चार मुलांचे बारशाचे फोटो गुलाबी डागांच्या कुंच्यांतले आहेत. उरलेल्या बाहुल्यांना, आणि एक आमच्या मांजराला. तेव्हापासून प्रत्येक नव्या दोऱ्याचा तुकडा मी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ओला ठेवते. आधी का ठेवत नव्हते, याला उत्तर नाही.

आम्ही २०२२ च्या अक्षय्य तृतीयेला राहायला आलो. घर पाहायला येणारे दोनच प्रश्न विचारतात: किती खर्च आला, आणि बाहेरून गिलावा का केला नाही. गिलावा केला नाही कारण पैसे संपले. आता भिंत तशीच आवडते. पहिल्या पावसात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. जांभा पाणी पितो, हे त्या वेळी नीट कळलं. आता दर मेअखेर त्या बाजूला माडाच्या झापांची झड बांधतो, जशी सासऱ्यांच्या जुन्या घराला बांधत. ओल थांबली. लोकरीची ट्रंक पूर्वेच्या भिंतीला आहे, आत कडुनिंबाचा पाला. ॲक्रिलिकला कसर लागत नाही हे मला माहीत आहे. सासूबाईंना पटत नाही.

खर्चाच्या प्रश्नाला मी रुपयांत उत्तर देत नाही. भिंती चढत होत्या त्या वर्षी एका कुंचीच्या भरतकामात अडीच चिरे येत. घराला दोन हजारांवर चिरे लागले. सगळे माझ्या सुईतून आले नाहीत, पण नऊशेच्या आसपास आले. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघताना मला अजून ओळीओळीने मोर आणि पोपट दिसतात. कुणी म्हणेल, एवढ्या वेळात दुसरं काही केलं असतं तर जास्त मिळालं असतं. मिळालं असतं. पण रात्री दहा ते बारा, चिंध्या सोडल्यावर, घरबसल्या करता येईल असं दुसरं काम मला कुणी देत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दिवसभर जड दगड उचलल्यावर एवढंसं, हलकं, मऊ काहीतरी हातात हवंच असायचं.

आता पडवीचा कठडा राहिला आहे. त्याला साठ चिरे लागतील. जुन्या हिशेबाने चोवीस कुंच्या झाल्या असत्या. पण चिऱ्याचा भाव वाढला, भरतकामाचा वाढला नाही, आणि आता एका कुंचीत दीडच चिरा येतो. म्हणजे चाळीस. सव्वीस झाल्या आहेत.